ओनाक्वीचे घोडे आणि दयेचा जमाखर्च

आमचे चिरंजीव सॉल्ट लेक सिटी येथे नोकरीस असतात. 2024 साली मे ते जुलै असे तीन महिने आम्हा उभयतांचा मुक्काम त्यांच्याकडे होता. अमेरिकेहून परतलेल्या गृहस्थाने नायगाऱ्याचे, लास व्हेगासच्या रोषणाईचे आणि तेथील शिस्तीचे वर्णन लिहावे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. तो मोडून मी घोड्यांच्या एका कळपाविषयी लिहीत आहे. बाकी पाहिलेले बरेचसे परतीच्या विमानातच विसरलो. हा कळप मात्र अद्याप डोक्यातून जात नाही. छत्तीस वर्षे बँकेत कर्जखाती सांभाळलेल्या माणसाला न जुळणारा ताळेबंद दिसला की झोप लागत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

शहराच्या नैर्ऋत्येस तुविला नावाचे गाव ओलांडले की रश व्हॅली लागते. पुढे डांबरी रस्ता संपतो आणि मातीचा सुरू होतो. हा मातीचा रस्ता इतिहासात नोंदलेला आहे. एप्रिल 1860 ते ऑक्टोबर 1861 या जेमतेम दीड वर्षात 'पोनी एक्स्प्रेस' ही टपालसेवा याच वाटेने चालत असे. मिसूरी ते कॅलिफोर्निया हे सुमारे 3,000 किलोमीटरचे अंतर घोडेस्वार वाटेतल्या ठाण्यांवर घोडे बदलीत दहा दिवसांत कापीत. पुढे तारायंत्राच्या तारा सॉल्ट लेक सिटीत येऊन जुळल्या आणि टपालसेवा तत्काळ बंद पडली. सिम्प्सन स्प्रिंग्ज या झऱ्यापाशी तिच्या एका ठाण्याची दगडी इमारत पूर्वीसारखी बांधून ठेवलेली आहे. ठाणे तेथे होते ते झऱ्यामुळे, आणि आम्ही ज्यांना पाहावयास निघालो होतो ते घोडेही त्या मुलखात टिकले आहेत ते अशाच तुरळक पाण्यांच्या आधारावर.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानची वाळू येते. येथील वाळवंट उंचावरचे आहे. खोऱ्याचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर, आणि दोन्ही बाजूंना त्याहून हजार मीटर उंच डोंगररांगा. वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 20 सेंटिमीटर पाणी पडते. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही याच्या दुप्पट पडते. हिवाळ्यात सारे गोठते, उन्हाळ्यात सारे करपते. येथले पाणी कोणत्याही समुद्राला जाऊन मिळत नाही. ते खोऱ्यातच मुरते, नाहीतर वाळून मागे मिठाचा थर ठेवते. चिरंजीवांनी गाडी थांबवून डोंगराच्या उतारावरील आडव्या रेघा दाखविल्या. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी येथे बॉनव्हिल नावाचे प्रचंड सरोवर होते, त्याच्या काठाच्या त्या खुणा. इतक्या कोरड्या जागी, डोक्यावर कित्येक मीटर उंचीवर पाण्याची रेघ पाहताना चमत्कारिक वाटते.

जमिनीवर मैलोगणती सेजब्रश नावाचे राखाडी, उग्र वासाचे झुडूप. त्याच्या आडोशाने गवताचे विरळ झुपके. झुपक्याझुपक्यांमध्ये उघडी माती, आणि त्या मातीवर काळपट, खरबरीत असे शेवाळ-दगडफुलांचे कवच. हे कवच मातीला वाऱ्यापासून धरून ठेवते. पायाखाली एकदा चुरले की पूर्ववत व्हावयास कित्येक वर्षे, कधी कित्येक दशके जातात. आम्हाला अर्थातच हे नंतर कळले; तोवर मी त्यावरून मजेत चालत होतो.

घोडे प्रथम आमच्या सौभाग्यवतींना दिसले. "अहो, ती धूळ बघा, वारा तर नाही," असे त्या म्हणाल्या. ओनाक्वी डोंगराच्या पायथ्याकडून धुळीची एक बारीक रेघ पाण्याच्या दिशेने सरकत होती. पुढे एक घोडी, तिच्यामागे दोन-तीन घोड्या आणि शिंगरे, आणि सर्वांत शेवटी मान खाली घालून, इकडेतिकडे पाहत येणारा नर. थोड्या वेळाने दुसऱ्या दिशेने दुसरी टोळी, मग तिसरी. मी समजत होतो की रानटी घोड्यांचा कळप म्हणजे एकाच लोंढ्यात धावणारी शेकडो जनावरे. वस्तुतः कळप म्हणजे अनेक कुटुंबांचे गाव असते. प्रत्येक कुटुंबात बहुधा एक नर, काही घोड्या आणि त्यांची पिल्ले. ज्या तरुण नरांना अजून कुटुंब मिळालेले नसते, ते आपसांत मिळून वेगळे राहतात, दिवसभर एकमेकांना चावतात आणि संधीची वाट पाहतात. "आपल्या होस्टेलसारखं," चिरंजीव म्हणाले.

पाण्यावर येण्याचाही शिरस्ता दिसला. एक कुटुंब पिऊन बाजूला होईतो दुसरे काही अंतरावर थांबून राही. रंग तर किती! तांबूस कुमाईत, काळ्या-पांढऱ्या ठिगळांचे अबलख, राखाडी, पिवळसर, आणि एक चारही पाय पांढरे व कपाळावर पांढरा पट्टा असलेला, ज्याला आपले जुने लोक पंचकल्याणी म्हणत. अंगावर चावल्याच्या, लाथांच्या जुन्या खुणा. आयाळीत काटे अडकलेले. सर्कशीतल्या किंवा लग्नातल्या घोड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. आपण त्यांच्यापासून शंभर फूट दूर राहावे असा तेथे नियम आहे. आम्ही तो पाळला. एका शिंगराने मात्र पाळला नाही. ते आमच्या गाडीपर्यंत आले, टायर हुंगले आणि शिंकून परत गेले.

या घोड्यांची वंशावळ मोठी विलक्षण आहे. घोड्याची जातच मुळात उत्तर अमेरिकेत उत्क्रांत झाली, तेथून आशियात पसरली, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आपल्या जन्मभूमीतून नाहीशी झाली. पुढे स्पॅनिश लोकांनी जहाजातून घोडे परत आणले. 1519 साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ अवघे सोळा घोडे होते. तेव्हापासून पळालेले, सोडलेले, हरवलेले, लष्कराचे, शेतकऱ्यांचे असे सर्व प्रकारचे घोडे या मुलखात मिसळत गेले. 'मस्टँग' हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला, त्याचा अर्थ बेवारस जनावर असा आहे. म्हणूनच घोडा हा येथला मूळचा रहिवासी की बाहेरून आलेला उपरा, हा वाद तेथे अजून संपलेला नाही, आणि वाद घालणाऱ्यांच्या पोटापाण्याचे हितसंबंध त्यात असल्याने तो लवकर संपेल असे दिसत नाही.

बेवारस जनावराचे जे व्हावयाचे तेच विसाव्या शतकात त्यांचे झाले. विमानांनी आणि ट्रकांनी पिटाळून, दमवून त्यांना पकडीत आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य करणाऱ्या कारखान्यांना विकीत. 1950 साली एके दिवशी सकाळी नेवाडातील रीनो शहराजवळ व्हेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाई कामावर निघाल्या होत्या. एका विमा व्यावसायिकाच्या कचेरीत त्या सेक्रेटरी होत्या. पुढे चाललेल्या ट्रकमधून रक्त ठिबकताना त्यांना दिसले. त्यांनी ट्रकचा पाठलाग केला आणि आत कोंबलेले जखमी घोडे पाहिले. लहानपणी पोलिओ झाल्याने बाईंचा चेहरा वाकडा झालेला होता, लोकांपुढे उभे राहणे त्यांना सोपे नव्हते. तरी त्या पुढची सत्तावीस वर्षे, मृत्यूपर्यंत, या एकाच कामामागे राहिल्या. विरोधकांनी हिणवण्यासाठी त्यांना 'वाइल्ड हॉर्स ॲनी' म्हटले. त्यांनी तेच नाव स्वीकारले. 1959 साली सरकारी जमिनीवर मोटारी व विमाने वापरून घोडे पकडण्यास बंदी आली. शाळकरी मुलांनी आपल्या लोकप्रतिनिधींना पत्रांचा असा पाऊस पाडला, की 1971 साली रानटी घोडे व गाढवे यांच्या संरक्षणाचा कायदा दोन्ही सभागृहांत विरोधी मताविना संमत झाला आणि 15 डिसेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. या जनावरांना पकडणे, मारणे, छळणे हा गुन्हा ठरला. सांभाळण्याची जबाबदारी मुख्यतः 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या केंद्रीय खात्याकडे आली.

येथपर्यंतची कथा आपल्या कोणाही वाचकास आनंद देणारी आहे. मलाही तो झाला. पुढचा भाग मला त्या पाण्याजवळ भेटलेल्या एका बाईंनी समजावून दिला. त्या निवृत्त शिक्षिका. गाडीच्या मागच्या दारात त्रिपाद दुर्बीण, गुडघ्यावर जाडजूड वही. या कळपावर स्वेच्छेने लक्ष ठेवणाऱ्या मंडळींपैकी त्या एक. मी बँकेत होतो असे ऐकताच त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला चक्रवाढ व्याज शिकवायला नको."

रानटी घोड्यांचा कळप दरसाल पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2013 च्या अहवालात हेच प्रमाण मान्य केले आहे. घोडीला अकरा महिन्यांनी एक शिंगरू होते, आणि या मुलखात मोठ्या घोड्याला मारील असा प्राणी फारसा उरलेला नाही. वीस टक्के चक्रवाढ म्हणजे चार वर्षांत मुद्दल दुप्पट. ओनाक्वीच्या जमिनीला 121 ते 210 घोडे सोसतील असे खात्याने ठरविलेले आहे. 121 घोडे धरून मी वहीच्या कोपऱ्यात आकडेमोड केली. दहा वर्षांनी उत्तर येते 749. ठेवीदाराला असे व्याज मिळाले तर तो नाचेल. येथे मात्र व्याज द्यावयाचे असते ते गवताला.

गवत काय देऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे. येथले मूळचे झुपक्यांचे गवत वसंतात मुळांत साठविलेल्या शक्तीवर पाने काढते. ती पाने उन्हाळ्यात पुन्हा मुळांत भर घालतात. वसंतातच पुन्हा पुन्हा कुरतडले गेले तर मुळांतील साठा संपतो आणि झुपका मरतो. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवत ओढून खाते आणि मग बसून रवंथ करते. घोड्याला दोन्ही जबड्यांत दात, तो जमिनीलगत कापून खातो, आणि रवंथ नसल्याने दिवसातला बराचसा वेळ खातच असतो. त्यामुळे गाय जगणार नाही अशा हलक्या चाऱ्यावर तो जगतो, पण लागतो त्याला पुष्कळ. मेलेल्या झुपक्याच्या जागी जे उगवते ते 'चीटग्रास', म्हणजे शब्दशः ठकविणारे गवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते युरोप-आशियाकडून इकडे आले. वसंतात हिरवेगार दिसते, जूनमध्ये वाळून कोळ होते आणि ठिणगी पडली की मैलोगणती पेटते. त्या आगीत सेजब्रश जळते आणि पुढच्या वर्षी अधिक चीटग्रास येते. एकदा हे चक्र सुरू झाले की जमीन घोड्याच्याही उपयोगाची राहत नाही, हरणाच्याही नाही, सेजब्रशवर जगणाऱ्या रानकोंबड्यांच्याही नाही.

येथे घोड्यांची बाजू सांगणे न्यायाचे होईल. ही जमीन बिघडविण्यास सुरुवात त्यांनी केलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसुमार मेंढ्या आणि गुरे चारून ती आधीच ओरबाडली गेली होती. इतकी, की 1934 साली चराईवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. आजही त्या खात्याच्या सुमारे 15 कोटी 50 लाख एकर जमिनीवर गुरामेंढ्यांना चराईची मुभा आहे. रानटी घोड्यांसाठी राखलेले मुलूख सुमारे 2 कोटी 70 लाख एकर, आणि तेथेही बहुतेक ठिकाणी गुरे चरतातच. एका गाय-वासराच्या महिनाभराच्या चराईचे शुल्क आम्ही गेलो त्या वर्षी होते 1 डॉलर 35 सेंट. सॉल्ट लेकला एक कप कॉफी याच्या कितीतरी पट किमतीला मिळते. आयुष्यभर व्याजदर ठरविण्याच्या कामात राहिलेल्या माणसाला हा दर पाहून हसू आवरत नाही. घोडेप्रेमी मंडळी म्हणतात, आधी ही सवलतीची गुरे कमी करा, मग घोड्यांविषयी बोला. त्यात तथ्य आहे. पण गुरे निम्मी केली तरी वीस टक्के चक्रवाढ थांबत नाही. मोकळी झालेली जागा चार वर्षांत भरून जाईल, आणि प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

मग खाते काय करते? हेलिकॉप्टर आणते. 1959 साली मोटारी-विमानांवर आलेली बंदी 1976 च्या दुसऱ्या एका कायद्याने सरकारपुरती सैल करण्यात आली; त्याच्या पुढच्याच वर्षी व्हेल्माबाई वारल्या. जुलै 2021 मध्ये, तीव्र अवर्षणाच्या वर्षी, ओनाक्वीवर हेलिकॉप्टर फिरले. त्याच्या चित्रफिती मी नंतर पाहिल्या. हेलिकॉप्टर खालून घिरट्या घालीत कुटुंबांना एकत्र पिटाळते. दोन्ही बाजूंना तागाच्या कापडाचे पडदे नरसाळ्यासारखे अरुंद होत जातात. तोंडाशी एक माणूस शिकवलेला घोडा धरून दबा धरून बसलेला असतो. कळप जवळ येताच तो घोडा सोडतो. तो आपल्या सवयीप्रमाणे सरळ कोंडवाड्यात धावतो आणि मागचे सारे त्याच्यावर विश्वास ठेवून आत शिरतात. शिंगरे मागे पडतात. त्या वेळी 435 घोडे पकडले. 123 परत सोडले, आणि सोडलेल्या घोड्यांतील माद्यांना गर्भ राहू नये अशी लस टोचली. बाकीचे कायमचे गेले. आत गेल्यावर नर वेगळे, माद्या वेगळ्या. बाई म्हणाल्या, "नऊ वर्षे जी जोडी मी एकत्र पाहिली होती, ती चार मिनिटांत सुटली." वहीची ती पाने त्यांनी फाडलेली नव्हती, फक्त आडवी रेघ मारली होती.

पकडलेल्या घोड्याच्या मानेवर डाव्या बाजूस अतिथंड केलेल्या लोखंडाने एक क्रमांक उठवितात. त्यातून त्याचे जन्मवर्ष आणि नोंद कळते. थोडक्यात खाते क्रमांक. मग तो दत्तक देण्यासाठी ठेवला जातो. सुमारे 125 डॉलर भरून कोणीही अटींनुसार तो घेऊ शकतो, आणि वर्षभर नीट सांभाळला तर मालकी त्याच्या नावावर होते. 1971 पासून अडीच लाखांहून अधिक जनावरे अशी लोकांच्या घरी गेली, आणि त्यांतील पुष्कळ उत्तम सांभाळली गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आवक आणि जावक जुळत नाही. एकट्या 2022 साली सुमारे वीस हजार जनावरे पकडली गेली, आणि घरे मिळाली ती आठ हजारांच्या आसपास. बाकीची सरकारच्या पदरात. मोकळ्या रानात सुमारे 73,000 जनावरे आणि सरकारी कोंडवाड्यांत व भाड्याच्या कुरणांत साठ हजारांहून अधिक, असा 2024 चा ढोबळ हिशेब आहे; आणि साऱ्या देशातील रानांना सोसतील अशी संख्या खात्याने धरली आहे ती 26,000 च्या आसपास. कोंडवाड्यात एका घोड्याला दिवसाला सुमारे 5 डॉलर लागतात, कुरणात सुमारे 2. हा खर्च वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर जातो. या कामासाठी मिळणाऱ्या रकमेतले जवळपास दोन तृतीयांश त्यातच संपते. म्हणजे ज्या पैशाने वाढ रोखावयाची, तो पैसा आधीच्या वाढीच्या वैरणीवर जातो. जुन्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढणारा व्यापारी आपण पाहिलेला आहे. हे तसेच आहे.

अकादमीच्या अहवालातील एक निरीक्षण तर मला फार अस्वस्थ करून गेले. घोडे उचलून नेले की उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो, ते धष्टपुष्ट होतात, आणि वाढीचा वेग चढाच राहतो. पकडण्यानेच पकडण्याची गरज टिकून राहते.

दरम्यान या ओझ्यातून सुटण्यासाठी 2019 मध्ये खात्याने दत्तक घेणाऱ्यालाच हजार डॉलर देण्यास आरंभ केला. आपल्या व्यापारी वाचकांना पुढचे सांगावयास नको. वस्तूची किंमत शून्याच्या खाली गेली की गिऱ्हाईक कोण येते, हे आपल्याला ठाऊक असते. 2021 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले की काही जण पैसे खिशात घालून, मालकी मिळताच घोडे अशा लिलावांत नेऊन सोडतात, जेथे कसायांचे दलाल खरेदीस येतात. अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 साली बंद झाले, पण मेक्सिको आणि कॅनडाच्या सीमा उघड्या होत्या. 2025 मध्ये न्यायालयाने ती योजना रद्द ठरविली.

सुदृढ घोडा मारण्यासाठी पैसा खर्च करू नये, असे बंधन तेथील संसद वर्षानुवर्षे अंदाजपत्रकात घालीत आली आहे. मारावयाचे नाही, इतके लोकांनी निश्चित केले. मग साठ हजार जिवांना आयुष्यभर पोसावयाचे कोणी आणि कोठे? ओक्लाहोमा आणि कॅन्सस येथील खासगी कुरणांत ते ठेवलेले आहेत. खच्ची केलेले नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. जन्म नाही, फक्त म्हातारपण. आपल्या भाषेत हे पांजरापोळच. मी आमच्या गावच्या पांजरापोळाचे हिशेब गेली सात वर्षे पाहतो. जनावर दारात आले की नाही म्हणावयाचे नाही, हा आमच्या विश्वस्तांचा बाणा आहे आणि मला तो प्रिय आहे. पण दर चैत्रात कडब्याचा भाव चढतो तेव्हा रात्री वही उघडून बसणारा मी असतो. एका वर्षी जागा आणि वैरण दोन्ही अपुरी असताना आम्ही चाळीस जनावरे घेतली. त्यांतील किती पावसाळ्यापर्यंत राहिली, तो आकडा येथे लिहीत नाही. अहवालात तो 'नैसर्गिक मृत्यू' या सदराखाली गेला. त्या अहवालावर सही माझी आहे. ओनाक्वीच्या पाण्याजवळ उभा असताना मला तो आकडा आठवत होता.

अशा स्थितीत बाईंच्या गाडीत आणखी एक वस्तू होती. वायूच्या दाबावर चालणारी बंदूक आणि तिचे बाण. बाणात लस असते. घोडीच्या मांडीवर बाण लागतो, लस आत जाते, बाण आपोआप गळून पडतो. तो शोधून परत आणावा लागतो. या लसीने घोडीचे शरीर स्वतःच्या बीजांडाभोवतालच्या आवरणाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते आणि गर्भ राहत नाही. परिणाम साधारण वर्षभर टिकतो, म्हणून दरवर्षी पुन्हा. घोडी आपल्या कुटुंबात राहते, आपल्या डोंगरावर राहते, हेलिकॉप्टर नको, कोंडवाडा नको. अटलांटिक किनाऱ्यावरील ॲसेटीग बेटावर ही पद्धत 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्रथम वापरली गेली. ओनाक्वीत ती साधते कारण येथले घोडे माणसांना सरावले आहेत आणि एकेक घोडी ओळखणारी माणसे आहेत. नेवाडाच्या अफाट मुलखात, जेथे घोडा माणूस दिसताच क्षितिजापलीकडे जातो, तेथे ती फार अवघड.

मला हा उपाय पटला आणि मी तसे बोलूनही दाखविले. सौभाग्यवतींनी विचारले, "पण हे औषध करतात कशाचं?" चिरंजीवांनी भाषांतर केले. बाईंनी आढेवेढे न घेता सांगितले की ते डुकरिणीच्या अंडाशयांपासून करतात आणि ती कत्तलखान्यातून येतात. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. गाडीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने काच खाली करून म्हणाल्या, "त्या डुकरांची वही कोण ठेवतं, विचारा त्यांना." मी ते विचारले नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. डुकरे काही लसीसाठी मारली जात नाहीत, मांसासाठी मारली जातात. अंडाशये एरवी फेकूनच दिली असती. हा युक्तिवाद मला कळतो, पण त्याने समाधान होते असे म्हणवत नाही. तरीही उपासमार, हेलिकॉप्टर, कोंडवाडा आणि कसाई हे पर्याय समोर असताना मी बाणाच्या बाजूने मत देईन. सौभाग्यवतींचे मत अजूनही निराळे आहे. त्यांच्या मते घोडीला आई होऊ न देणे हाही एक कोंडवाडाच. या विषयावर आमचे तीन महिन्यांत जेवढे बोलणे झाले तेवढे गेल्या दहा वर्षांत कोणत्याच विषयावर झाले नव्हते.

निघण्यापूर्वी मी बाईंना वही पाहू का म्हणून विचारले. प्रत्येक घोडीला एक पान. डोक्यावर नाव, रंग, कपाळावरील खुणेचे हाताने काढलेले चित्र. खाली तारखा: लस कधी दिली, बाण सापडला की नाही, शिंगरू झाले असल्यास कधी आणि कोणत्या रंगाचे, सोबतचा नर कोण. शेवटच्या रकान्यात पुढच्या लसीची देय तारीख. मी आयुष्यभर अशीच खतावणी लिहिली. हस्ताक्षर माझ्यापेक्षा चांगले होते.

"आज किती मोजलेत?" त्यांनी मला विचारले. मी मोजले होते. पाण्याभोवती आणि उतारावर मिळून एक्केचाळीस. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ ती हळूहळू फिरविली, मग वहीत आकडा लिहिला: 43. माझी बेरीज चुकत नाही, तेव्हा मी पुन्हा मोजू लागलो. त्यांनी दुर्बीण माझ्याकडे वळविली. उतारावरच्या एका कुमाईत घोडीच्या पलीकडे, सेजब्रशच्या सावलीत दोन शिंगरे पाय पसरून झोपली होती. एकाचे कान तेवढे हलत होते.